तीन नोंदी आणि माझी सही

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीतल्या दरोड्यांच्या आणि पाठलागांच्या गोष्टी मी पाहुण्यांना रंगवून सांगतो. ही मात्र घरातही कोणाला सांगितलेली नाही.

नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याला एकच जीप, जुनी, दोन्ही बाजूंना दारे नसलेली. चालक हवालदार साताऱ्याकडचा, अठरा वर्षे नोकरी झालेला, कमी बोलणारा माणूस. एका दुपारी मला नेरूळला बैठकीला सोडून तो एकटाच परत निघाला आणि शिरवण्याच्या वळणावर सायकलवरचा एक म्हातारा त्याच्या गाडीखाली येता येता वाचला. मांडीचे हाड मात्र मोडले. पोलिसांच्याच जीपने माणूस उडवला म्हटल्यावर गाव ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

तेवढ्यात फोन आला. नाव न सांगता कोणी तरी म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर दुपारी गुत्त्यावर बसला होता." खबर आधी पडताळायची, मग तिच्यावर विश्वास ठेवायचा, हे नव्या फौजदारांना मीच शिकवत असे. पण बाहेर जमाव होता आणि मला दाखवायला दोषी हवा होता. चालकाला वैद्यकीय तपासणीला पाठवले. दारूचा वास नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले. वेलची चघळली असेल, असे मी ठरवून टाकले.

संध्याकाळी त्याला केबिनमध्ये उभे केले. दार मुद्दाम उघडे ठेवले, बाहेर ऐकू जावे म्हणून.

"किती घेतली होतीस?"

"म्या पीत न्हाई, सायेब."

"मग गाडी का थांबली नाही?"

"ब्रेकच लागला न्हाई. प्याडल पार खाली गेलं. लॉगबुकात लिवलंय मी. तुमीच तर..."

पुढचे मी बोलू दिले नाही. कानाखाली ठेवून दिली. बाहेर टेबलावर ठाणे डायरी लिहिणारा अंमलदार पेन थांबवून बघत राहिला. चालकाने खाली पडलेली टोपी उचलली, झटकून डोक्यावर ठेवली, सलाम केला आणि आज्ञेची वाट बघत उभा राहिला. त्याच्यावर निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. निलंबनाचा प्रस्ताव मी स्वतः लिहायला घेतला. नोकरी गेली असती तर पोलीस वसाहतीतली खोलीही गेली असती आणि तीन मुले घेऊन त्याला गावी परतावे लागले असते. हे मला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी जखमीचा जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो. म्हातारा गावातला मूळचा शेतकरी, पाय वर टांगलेला. शिव्या खायची तयारी ठेवूनच मी स्टुलावर बसलो.

"तुमचे डायवरला कशाला धरलाय?" त्यानेच मला विचारले. "तो बिचारा पाय मारीत व्हता. यकदा, दोनदा, तीनदा. पन गारी थांबतच नवती. तुमचे जीपला दार हाय कुठं? मना समदा दिसला."

ज्याची मांडी मोडली तो माणूस चालकाची बाजू घेत होता. मी जबाब शब्द न बदलता लिहिला.

जीप आमच्या मोटार परिवहन विभागाच्या कार्यशाळेत नेली. परिवहन निरीक्षकांसमोर मेकॅनिक हवालदाराने तपासणी सुरू केली. बाटलीतले ब्रेक ऑइल पुरते भरलेले. चारही चाके आतून कोरडी, पाइपाला कुठे ओल नाही. मला क्षणभर बरे वाटले. गाडी ठीक, म्हणजे माझे म्हणणे खरे. तेवढ्यात मेकॅनिक म्हणाला, "साहेब, तुमीच बसा सीटवर. पाय दाबून धरा. सोडू नका."

मी दाबले. पेडल अर्ध्यावर थांबले. धरून ठेवले तसे ते माझ्या बुटाखाली हळूहळू सरकू लागले आणि शेवटी फळीला टेकले.

"बगितलं? पाइपात हवा असती तर पेडल मऊ लागलं असतं, असं बसलं नसतं. तेल बाहेर जात नाय, आतल्या आत मागं पळतंय. पेडलमागं तेल ढकलतो त्या मास्टर सिलिंडरचा रबर गेलाय. दोन-तीनदा भरभर दाबलं की जरा वर येतं, म्हणून गाडी चालत होती. तुमचा ड्रायव्हर महिनाभर तरी पंप मारूनच चालवत असणार. कोणाच्या लक्षात कसं नाय आलं?"

माझ्या लक्षात आले होते. रोज त्याच्या शेजारीच बसत होतो. सिग्नल आला की तो पेडल धपाधप दाबायचा आणि मी हसून म्हणायचो, "काय रे, तबला वाजवतोस?" एकदा त्याने गाडी दुरुस्तीला टाकू का म्हणून विचारलेही होते. गाडी आठवडाभर अडकेल, मी फिरणार कशाने, या विचाराने मी त्याला "चालव की अजून" म्हणालो होतो.

निरीक्षकांची नोंद झाल्यावर नवा रबर बसवला. लाइनमधली हवा काढायला एकाला पेडल मारावे लागते. मीच बसून राहिलो. मेकॅनिक गाडीखालून ओरडायचा, "दाबा. धरा. सोडा." अखेर पेडल वरच कडक उभे राहिले.

ठाण्यात येऊन लॉगबुक काढले. वाकड्यातिकड्या अक्षरात तीन नोंदी होत्या: ब्रेक पेडल जास्त खाली जाते, दुरुस्ती आवश्यक. तिसरीखाली रेघ मारली होती. तिन्हींवर माझी सही. फोनवर बोलता बोलता, न वाचता केलेली.

निलंबनाचा प्रस्ताव फाडला. वरिष्ठांना अहवाल पाठवला: यांत्रिक बिघाड, चालक निर्दोष. लॉगबुकातल्या नोंदींचा मात्र त्यात एक शब्द नव्हता. त्या लिहिल्या असत्या तर चौकशी माझ्यावर आली असती. एवढी वर्षे आरोपींना खरे बोला म्हणून दरडावले आणि माझी वेळ आली तेव्हा मी गप्प बसलो.

चालक पुन्हा जीपवर रुजू झाला. सलाम करून त्याने विचारले, "सायेब, माझं लिवलेलं रिपोर्टात आलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं."

उघड्या दारात मारलेल्या थपडेची माफी त्याच दारात मागायला हवी होती. अंमलदारही समोरच बसला होता. माझी जीभ रेटली नाही.

त्या संध्याकाळी चालक लॉगबुक घेऊन आला. रोजच्यासारखे टेबलावर ठेवून गेला नाही. उघडून हातात धरले आणि एक एक शब्द लावून मोठ्याने वाचले: "टायर ठीक. दिवे ठीक. ब्रेक ठीक." मग माझ्यासमोर ठेवले आणि सही होईपर्यंत उभा राहिला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

माझी बदली होईपर्यंत, जवळजवळ दोन वर्षे, रोज संध्याकाळी तो तसाच वाचत राहिला. राहू दे, आता मी वाचतो, एवढे म्हणायचे धाडस मला एकदाही झाले नाही.