चौदा नंबरची जर्सी

मामांनी आयुष्यात एकही गोल धड पाहिला नसेल. बॉल जाळ्यात गेला की आम्ही नाचायचो आणि मामांची नजर गोल मारणाऱ्याच्या काखेकडे. "गोल झाला ते ठीक," म्हणायचे, "पण शिवण उसवली ना रे. काढ ती इकडे."

मामा मूळचे राजापूरकडचे शिंपी. अजमानच्या एका दुकानात अरबांचे पायघोळ कंदुरे शिवायला आले आणि तिथून शारजातल्या आमच्या कॉलेजात खेळाच्या सामानाच्या खोलीवर लागले. कॉलेज नवीन होतं, मैदान म्हणजे निव्वळ वाळू. त्या पहिल्या टीमपासून जर्स्या धुणं, रफू करणं मामांकडेच. मी त्यांना मामा म्हणायचो, म्हणून केरळची, लाहोरची, बैरुतची पोरंही म्हणायला लागली. आमचे सुदानी कोचसुद्धा घाई करताना "यल्ला मामा, जर्सी" म्हणत.

जर्स्या वर्षानुवर्षं त्याच. लाल रंग विटून गाजरासारखा झालेला. पण आतून, खालच्या पट्टीवर, ती जर्सी घालून जे जे खेळले त्यांची नावं मामांनी पांढऱ्या दोऱ्याने घातलेली असत. नऊ नंबरवर सहा नावं होती. आमच्या फुटबॉलचा इतिहास ऑफिसात कुणी लिहिला नाही, तो या पट्ट्यांवरच होता. एकदा एक जुना खेळाडू नव्या नवरीला घेऊन आला आणि वाळत घातलेली जर्सी उलटी करून तिला आपलं नाव दाखवू लागला. त्याचे डोळे भरून आले होते. मामा म्हणाले, "गीला है, खींचो मत."

नियम एकच. मैदानात उतरेल त्याचंच नाव. मी राखीव गोलकीपर, नंबर चौदा. आमचा पहिला गोलकीपर इतका धडधाकट की त्याला साधी सर्दी होत नसे. तीन वर्षं मी बाकावर मामांशेजारी बसून त्यांच्या सुईत दोरा ओवून दिला, कारण चष्मा लावूनही त्यांना सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. तिथेच त्यांनी मला टाके घालायला शिकवलं. चौदा नंबर घालून माझ्याआधीही कुणी मैदानात उतरलं नव्हतं, त्यामुळे माझी पट्टी कोरीच. एकदा लाज सोडून म्हटलं, "मामा, घाला ना माझं नाव. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," मामा म्हणाले, आणि दुसरी सुई पुढे केली.

माझ्या शेवटच्या वर्षी कॉलेजची युनिव्हर्सिटी झाली. पाठीवर नावं छापलेल्या जर्स्या येणार, धुलाई बाहेरच्या कंपनीकडे जाणार आणि मामांचा व्हिसा कॅन्सल होणार, असं ठरलं. जुन्या जर्स्यांतली ती शेवटची मॅच. दोन मिनिटं उरली असताना कोचनी मला खूण केली. मी ट्रॅकसूट काढून रेघेपाशी उभा राहिलो. बॉल बाहेर गेल्याशिवाय बदली होत नाही, आणि बॉल काही बाहेर जाईना. शिट्टी वाजली ती मॅच संपल्याचीच. "खलास," कोच म्हणाले. मी मामांकडे वळून पाहिलं. ते सुई डबीत ठेवत होते. मला रडूच कोसळलं.

जर्स्या टाकून द्यायला सांगितलं होतं. मामांनी ज्याची त्याला वाटून टाकली. मामा निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या कोऱ्या पट्टीवर 'मामा' अशी अक्षरं घातली आणि त्यांना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावला, अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवलं.

"टाके बरे आलेत," म्हणाले. "पण मी कुठे उतरलो मैदानात?"

मग कात्रीच्या टोकाने, कापडाला धक्का न लावता, एकेक टाका उसवून त्यांनी जर्सी माझ्या हातात दिली. मला रागही आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. मी जर्सीची घडी घातली.

मामा गावी गेले. चार वर्षांनी ते वारल्याचं कळलं. जर्सी इथे शारजात, अल मजाजच्या घरी माझ्या कपाटात आहे. मी सुई जरा जाडच घेतली होती. खिडकीसमोर पट्टी धरली की बारीक भोकांतून उजेड येतो आणि नाव वाचता येतं.