माय आणि वहिनी

माझं माहेर नाशिकचं. दोन खोल्या, वडील कचेरीत, घरात आई आणि आम्ही. मूल रडलं की आईच उचलणार; दुसरं होतंच कोण? लग्न होऊन सिंदीला जावा-दिरांच्या भरल्या घरात आले तर कुठलं पोर कुणाचं हे कळायलाच मला बरेच दिवस लागले. जिची कड रिकामी, तिच्या कडेवर पोर.

मुलगा झाला आणि तिथली रीत अंगावर आली. वडीलधाऱ्यांसमोर आईने आपलं मूल उचलायचं नाही. एकदा ओसरीवर सासऱ्यांदेखत मी त्याला कडेवर घेतलं, तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "काऊन वं, आपलंच लेकरू मिरवून राह्यली? दे थोरलीले." थोरली म्हणजे माझी जाऊ. तिची चार होती, त्यात हे पाचवं. तिने ते इतकं सहज घेतलं की मला भांडायलाही जागा उरली नाही. मी त्याला पाजायची आणि परत चुलीपुढे बसायची. भाकरी थापताना त्याचं हसू ऐकू यायचं आणि जीव जळायचा. बोलू लागला तो जावेला 'माय' म्हणत, तिच्या मुलांसारखा. धाकटे दीर मला वहिनी म्हणत, म्हणून तोही वहिनीच म्हणू लागला. सगळे हसले. मीही हसले, करते काय!

तो दोन वर्षांचा असताना यांना पुलगावच्या गिरणीत कारकुनी मिळाली. म्हटलं, सुटले एकदाची. आता हा माझा. पण पोर दाराकडे बघत बसे. घास पुढे केला की तोंड फिरवी. घरात कामाला मी एकटी, त्यात त्याची रडारड. इतकी शिणले की कधीकधी मीही त्याच्याबरोबर रडत बसे. मग त्याला ताप आला. दुपारी कपाळावरची पट्टी बदलत होते, तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "वहिनी, मायले बोलाव ना." परक्या बाईला विनवावं तसं.

निरोप धाडला. जाऊ लगेच गाडीने आली, त्याला मांडीवर घेतलं आणि तो बघता बघता झोपला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "किती वाळली वं तू! पड जराशी, मी आहो ना." मी तिथेच जमिनीवर आडवी झाले. मत्सर होता, खूप होता, पण डोळे उघडे राहीनात.

ताप उतरला. ती निघताना चाचरत म्हणाली, "नेऊ का याले थोडे दिवस?" मी नाही म्हणायला हवं होतं, पण तेवढं बळ कुठे होतं? त्याच्या कपड्यांचं गाठोडं मीच बांधलं आणि त्यांना स्टेशनवर सोडायला गेले.

तो तिच्या मांडीवर खुशीत होता. गाडी हलली, मी फलाटावरच राहिले हे त्याला दिसलं, आणि त्याचा चेहरा बदलला. खिडकीतून दोन्ही हात काढून तो ओरडू लागला, "वहिनी, तू बी चाल ना!" माझ्यासाठी त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.