टापूची शेजारीण

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर तलावाच्या पाळीवर बसून उकडलेले शिंगाडे खाल्ले. दसरा होऊन गेला होता, सकाळचा गारवा लागायला लागला होता. समोर पाण्याच्या मधोमध टापू, त्यावर बाभळी आणि बाभळींवर पाखरंच पाखरं. तो टापू पाखरांसाठी राखलेला आहे, माणसाला तिथे बंदी. माझी बायको प्रमिला शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "अहो, त्या बगळ्याकडे बघा. कालपासून एकटाच बसलाय. घरात काहीतरी वाजलंय."

प्रमिला पाखरं बघायची नाही, पाखरांची चौकशी करायची. आमची हयात परदेशीपुऱ्यातल्या चाळीत गेली. मी मिलमध्ये होतो. कोणाची सून रुसली, कोणाकडे पाहुणे आले, हे त्या घरातल्यांच्या आधी प्रमिलाला कळायचं. मिल बंद पडली, पुढे मुलाने इकडे तलावाजवळ फ्लॅट घेऊन दिला. चौथा मजला, सगळी दारं बंद. बाई सुकायला लागली. एका सकाळी मी तिला पाळीवर आणलं आणि तिला नवी चाळ मिळाली.

थंडीच्या तोंडाला हिमालयापलीकडून राखाडी हंस येतात. डोक्यावर मागे दोन काळ्या पट्ट्या. तिचे वडील महूला फौजेत नायक होते, बाहीवर दोन फिती. हंस उतरले की ती म्हणायची, "आले आमचे नायकसाहेब," आणि डोक्यावर पदर घ्यायची. वडिलांसमोर घ्यायची तसा.

एकदा तलावावरचा चौकीदार म्हणाला, "अम्मा, आज साब नहीं हैं. बैठो नाव में, टापू घुमा लाता हूँ." मी एक पाय नावेत टाकलासुद्धा. ही जागची हलली नाही.

"नहीं भिया. किसीके घर बिना बुलाए नहीं जाते. और इत्ते सबेरे तो बिलकुल नहीं." मग माझ्याकडे बघून, "पाय काढा तो. लाज नाही वाटत?"

काढला. बघायचं सगळं, पण उंबरा ओलांडायचा नाही, हा तिचा चाळीतलाही कायदा होता.

गेल्या वर्षापासून तिला जिना चढताना दम लागायचा. मुलगा विजू पुण्याला असतो. तो रोज फोन करायचा, "आई, इथे डॉक्टर चांगले आहेत. दोघंही या."

"तुझ्या खिडकीतून काय दिसतं रे?"

"समोरची बिल्डिंग."

"तिच्यात कोण राहतं?"

"माहीत नाही, आई."

"मग मी तिथे येऊन भिंत बघू?"

मला वाटायचं, जावं. जगेल तरी. तसं बोललो, तर म्हणाली, "मला जगवायचंय ना? मग इथेच जगू द्या." तिला जे हवं ते तिला नक्की माहीत असायचं. मी नवरा होतो, पण असला पक्केपणा माझ्यात नव्हता.

त्या दिवशी शिंगाडे खाऊन घरी आलो. जेवण झाल्यावर "जरा पडते" म्हणाली, ती उठलीच नाही. विजू दुसऱ्या दिवशी विमानाने आला. उजेड होता तोवर सगळं झालं. विहारातल्या लोकांनी वंदना म्हटली. परत येताना विजू म्हणाला, "बाबा, मी पुण्याची दोन तिकिटं काढतो. आई नाही, आता एकटे इथे काय करणार?"

सकाळी उठून बूट घातले आणि पाळीवर जाऊन बसलो. आधी काही दिसेना. डोळे पुसले, मग दिसलं. एक पाणकावळा पंख पसरून वाळत होता. दुसऱ्याने येऊन त्याला फांदीवरून ढकललं. पहिला निमूट वरच्या फांदीवर गेला, नेम धरून बसला आणि खालच्याच्या डोक्यावर शिटला. मी मोठ्याने हसलो.

मागून विजू धापा टाकत आला. "बाबा, फोन घरी ठेवून आलात! आणि हसताय काय?"

"बस खाली."

तो बसला. त्याला मी ते भांडण पहिल्यापासून सांगितलं. फांदी कोणाची होती, आगाऊपणा कोणी केला, सगळं. तो टापूकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तिकिटांचं काय करू?"

"एकच काढ," मी म्हणालो. "आणि जरा सरक. तिसरा आलाय, तो काय करतो बघू दे."