शेळीची जन्मतारीख

सरोवराकाठच्या म्वांझा शहरातल्या आमच्या कचेरीत न्यान्झोबेताई चौघांची प्रमुख होती, ती कागदावर. खरं तर चौघांचं काम ती एकटीच करू बघायची. फुमोनं प्रोग्रामच्या चार ओळी लिहिल्या की ही त्याच्या खुर्चीमागं हजर. "सरक जरा, मी दाखवते." फुमो सरकायचा तो थेट चहाच्या टपरीपर्यंत. मी तिच्याच हाताखाली चुका शोधायला होतो. तिच्या चुका मात्र शोधायच्या नसत.

बेटांवर जाणाऱ्या बोटींची तिकिटं फोनवर मिळावीत, असं काम होतं. ते दोन महिने रखडलं. ताईनं माणसं मागितली, तेव्हा आमच्या कचेरीचे मुख्य मुतेम्बेई साहेब यांनी दार-एस-सलामहून सहा प्रोग्रामर मागवले. कडक इस्त्रीचे शर्ट आणि दिवसभर प्रश्न. आम्ही चौघं उत्तरं देत बसलो आणि काम आणखी मागं पडलं.

आठवड्यानं ताई साहेबांसमोर उभी राहिली. "या सहा जणांना परत घ्या."

"माणसं नाहीत म्हणून तूच बोंबलत होतीस ना?"

"चुकलं माझं. मला एकच माणूस द्या. धक्क्यावरच्या कबुलामावशी."

मावशींनी बावीस वर्षं खिडकीत तिकिटं फाडली होती आणि आता निवृत्त होत्या.

"अगं, त्यांना कॉम्प्युटर चालू तरी करता येतो का?"

"नाही. बोट भरता येते."

मावशी आल्या, डब्यात तळलेली मासळी घेऊन. फुमोनं मोठ्या अभिमानानं फोन दाखवला.

"शेळीचं तिकीट कुठंय?" मावशी.

"शेळीचं?"

"बेटावर रिकाम्या हातानं कोण जातं रे?"

फुमोनं शेळीचं तिकीट काढून बघितलं. फोननं शेळीची जन्मतारीख मागितली. आम्ही हसून लोळलो. ताई मात्र हसली नाही, तडक फुमोमागं गेली. "सरक, मी..."

"बाई," मावशी म्हणाल्या, "आमचा हेडक्लार्कही असाच माझ्या खांद्यावरून डोकावायचा. तो आला की माझे आकडे चुकायचे, रांग पार बाजारापर्यंत जायची. शेवटी त्याला मी पाटी रंगवायला बसवलं."

ताईचा चेहरा उतरला. मग ती हळूच म्हणाली, "मला कुठली पाटी देता?"

"साहेबांना अडवायचं काम घे. रोज नवीन काहीतरी सांगत येतात."

ते काम तिला झकास जमलं. दारातच खुर्ची टाकून ती साहेबांशी भांडायची, आत फुमो शेळ्या, कोंबड्या, सुक्या मासळीची पोती बसवायचा. मावशी तपासायच्या, मी लिहून घ्यायचो.

कबूल केलेल्या तारखेनंतर नऊ दिवसांनी फोनच्या तिकिटांवरची पहिली बोट सुटली. साहेबांनी भाषणात सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. ताई टाळ्या वाजवत फुमोच्या कानाशी लागली, "ते तिसरं बटण जरा डावीकडे हवं होतं, नाही का?"

फुमो म्हणाला, "ताई, खुर्ची दारात आहे."