गव्याच्या मांडीतला बाण

फॉरेस्टचा गार्ड सकाळी दारात आला तेव्हा मी चहा घेत होतो. आमचं गाव राधानगरीच्या जंगलाला लागून असल्यानं गवे उसात उतरतात, लोक हाकलतात, त्यात नवीन काही नव्हतं. पण या वेळी कळपातल्या एका गव्याच्या मांडीत बाण रुतलेला दिसला होता.

"तीरकमठा गावात तुमच्याकडंच हाय म्हणत्यात," गार्ड माझ्या वडिलांना म्हणाला.

"हाय की. बघा," आबा म्हणाले.

तरुणपणी आबा रानडुकराच्या मागावर पायी जायचे. नंतर कायद्याची भीती बसली, शिकार सुटली आणि तो बांबूचा कमठा माळ्यावर पडून राहिला. इतकी वर्षं त्याला कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. गार्डनं तो खाली काढला. त्यावर धूळ नव्हती आणि दोरी कोरी नायलॉनची होती.

"जुनी तुटली," एवढंच आबा म्हणाले. गार्ड कमठा घेऊन गेला.

माझा संशय आबांवरच गेला. पंधरा दिवसांपूर्वीच गव्यांनी आमचा अर्धा ऊस लोळवला होता आणि आबा बांधावर उभे राहून तो बघत होते. आता तर ते रोज सकाळी काठी घेऊन बाहेर पडत आणि धोतराला कुसळं लावून परत येत. कुठं गेलता विचारलं की "हितंच" म्हणत. बाण मिळतात का म्हणून त्यांच्या नकळत मी माळा चाचपला, गोठ्यातली वैरण उलटून पाहिली. हाती काही लागलं नाही, तरी संशय गेला नाही.

कागलच्या एमआयडीसीत मी लेथवर काम करतो. त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, म्हणून एका सकाळी त्यांच्या मागं निघालो. चांगलं अंतर ठेवून चाललो होतो. ओढ्याच्या उतारावर ते थांबले आणि मागं न बघताच म्हणाले, "पाय उचलून टाक. गव्याला कळतंय, मला न्हाय कळायचं?"

मी जवळ गेलो. त्यांनी चिमूटभर माती सोडून वारा पाहिला आणि मला आपल्या डाव्या अंगाला घेतलं. पुढं चिखलात खूर उमटले होते. एका पायाचा ठसा बाकीच्यांपेक्षा उथळ होता.

"ह्यो पाय टेकत न्हाय. बाण मारला की गप बसून ऱ्हायाचं असतंय. जनावर लांब जात न्हाय, आडवं हुतंय. मारणारा बसला न्हाय, पळाला. ज्यानं मारला त्याला शिकार येत न्हाय."

"मग तुम्ही रोज काय शोधताय?"

"बाण."

अर्ध्या तासानं तो सापडला. गव्यानं एका झाडाला अंग घासलं होतं. खोडावर काळे केस आणि वाळलेलं रक्त होतं, बुंध्याशी मोडका बाण पडला होता. आबांनी तो पानानं पुसला आणि टोक माझ्यापुढं धरलं.

"आमची टोकं लोहार ठोकून करायचा. हे मशीनवरचं हाय. कारखान्यात तूच जातोस."

तेव्हा मला उमगलं, की मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो तसे तेही माझ्यावर ठेवून होते. गवा जखमी झाल्याचं त्यांनी गार्ड यायच्या आधीच ऐकलं होतं. कमठा मी वापरला का हे पाहायला त्यांनी तो काढून ओढला, तेव्हा कुजकी दोरी तुटली आणि त्यांनीच सवयीनं नवी बांधली, हेही त्यांनी आता सांगितलं.

टोक मात्र माझंच होतं. कडेला मी नेहमी मारतो तसा बारीक उतार होता. गेल्या वर्षी माझ्या आतेभावानं अशी टोकं माझ्याकडून करून घेतली होती. मोबाइलवर बघून त्यानं कमठा बनवला होता आणि पोत्यावर नेम मारायचाय म्हणाला होता. पोत्याला दोन्ही बाजूंनी धार कशाला, हे मी विचारलं नव्हतं. खरं म्हणजे विचारायचं टाळलं होतं.

"केलं मी. मारला न्हाय," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

आबा दगडावर बसले. आतेभाऊ म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मी हात पुढं केला. "द्या, डोहात टाकतो. कुणाला कळायचं न्हाय."

त्यांनी बाण धोतराच्या घडीत दाबला. "टाकलास, तर तूच मारलास असं मी मरस्तोवर धरून चालणार."

आम्ही तिथूनच फॉरेस्टच्या ऑफिसात गेलो. मी जबाब दिला. लिहून घेणाऱ्या साहेबांनी एकच गोष्ट तीनदा विचारली आणि तिन्ही वेळा माझ्या हातांकडं बघितलं. दुपारी आतेभावाच्या गोठ्यातून त्याचा कमठा आणि तसलीच आणखी टोकं निघाली. त्यानं कबूल केलं, पण टोकं मीच आग्रहानं दिली असंही सांगितलं. केस अजून चालू आहे आणि तारखेला मला आणि त्याला दोघांनाही जावं लागतं. गवा लंगडत का होईना, कळपात चरतो, असं गार्ड म्हणाला.

आत्या आमच्याकडं यायची बंद झाली. परवा एसटीच्या थांब्यावर ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. रस्त्याकडं बघतच हळू म्हणाली, "कोण न्हाय हितं. खरं सांग, माझ्या पोरानं मारला का तू?"

"त्यानं, आत्या."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं. बिद्रीची गाडी आली. मला त्याच गाडीनं जायचं होतं, पण ती चढली आणि मी खालीच राहिलो.