संत्र्याच्या रंगाची कपाटं

चौतीस वर्षं पांढरे कपडे, पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चादरी. निवृत्तीनंतर तिसऱ्याच आठवड्यात सिस्टरने स्वयंपाकघरातली जुनी कपाटं उपटून टाकायला लावली. जन्म हॉस्पिटलात गेलेला, त्यामुळे घरीही तिला सगळे सिस्टरच म्हणत, अगदी नवरासुद्धा.

मिस्त्रींनी नव्या कपाटांच्या दारांसाठी लॅमिनेट, पॉलिश अशा पृष्ठभागांचे बारा नमुने आणले. "ताई, हा ऑफव्हाइट घ्या. शांत वाटतो."

"शांतता पुष्कळ झाली. आधी तपासणी!"

जेवणाच्या टेबलावर तिने बाराही तुकडे ओळीने निजवले, आणि नवऱ्याच्या हाती वही दिली. मग प्रत्येकावर गरम चहाचा कप, तेलाचा हात, वर तारेची घासणी. मिस्त्री आ वासून बघत राहिले.

"लिहा हो. नंबर एक, खऱ्या लाकडाचं पॉलिश. कपाचा पांढरा डाग. नाजूक प्रकृती. नंबर चार, चकचकीत अ‍ॅक्रेलिक. घासणीने ओरखडले. नंबर सात, रेघारेघांचं. खाचांत तेल बसलं."

"सिस्टर, सातला घरी सोडायचं की ठेवून घ्यायचं?" नवऱ्याने गंभीरपणे विचारलं, आणि दोघंही इतकी हसली की कप लवंडला.

शेवटी मऊ, बिनचकाकीची मॅट लॅमिनेटं दोनच धडधाकट उरली. एक ऑफव्हाइट, दुसरं पिकल्या संत्र्यासारखं.

लेक फोनवर किंचाळली, "आई, नारिंगी? लोक हसतील!"

"हसू देत. आजवर मला बघून रडायचेच."

मिस्त्रींनी मधला मार्ग काढला. "एक पट्टी नारिंगी, बाकी पांढरं?"

"अर्ध्या डोसात पेशंट बरा होतो का, मिस्त्री?"

सहाव्या दिवशी दारं बसली. त्यांवरचा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा तेवढा काढायचा होता. मिस्त्रींनी हात पुढे केला, तर सिस्टरने तो बाजूला सारला. तिने एक टोक नखाने उचललं आणि सर्रकन ओढलं. आतून रंग असा उसळला की तिने चक्क शीळ घातली. मग नवऱ्यालाही राहवेना. तो स्टुलावर चढून वरच्या दारांना भिडला.

तेवढ्यात लेक आली, तीही भांडायच्या तयारीने. दारातच थबकली. आई प्लॅस्टिक गळ्यात गुंडाळून उभी, बाप स्टुलावर, आणि सगळं स्वयंपाकघर नारिंगी पेटलेलं.

"अगं आई, केवढं भडक!" ती म्हणाली, आणि पर्स खाली टाकून धावली. "बाबा, सरका ना! ते कोपऱ्यातलं दार माझं!"