शेवंतीचा काठ

वडगावातले आमचे शेजारी अण्णा कुठलंही फूल आधी नाकाला लावत नसत. खिशातून सुताची कांडी काढायची, धागा पाकळीवर धरायचा आणि दारात उजेडाला येऊन डोळे बारीक करायचे. "ह्यो जांभळा लई पक्का हाय बघ," असं म्हणून फूल परत माझ्या हातात ठेवायचे. चाळीस वर्षं मागावर बसलेल्या माणसाला फूल म्हणजे रंगच.

बाग त्यांनी जन्मात केली नव्हती. पण आक्का, म्हणजे त्यांची बायको, अंथरुणाला खिळल्या आणि अण्णांनी माग बंद केला. नव्या संसारात आक्कांना एक साडी फार आवडली होती, जांभळी, पिवळ्या काठाची. अण्णांनीच विणलेली ती साडी विकायला पेठेत गेली. पुढे तशी विणायची राहूनच गेली आणि आता आक्कांच्या अंगाला सुती लुगडंसुद्धा टोचायचं. "अंगाला सोसत न्हाय, तर डोळ्यांनी नेसंल," अण्णा म्हणाले आणि मागच्या दारी, खाटेवरून दिसेल असा वाफा खणायला बसले.

मधे जांभळा तेरडा, चारी बाजूंनी पिवळी शेवंती. रंग असा जुळवला होता की बघत राहावं. पण माझं माहेर येळ्ळूरचं, शेतातलं. तेरडा गणपतीत फुलतो आणि शेवंती दिवाळीनंतर, हे मला ठाऊक होतं. काठाला झेंडू लावा, असं सांगायला मी गेले, तर आक्कांनी खाटेवरूनच माझा हात धरला.

"मलाबी ठाऊक हाय गं. सांगू नगं त्यास्नी. पाणी घालताना किती खुशीत असत्यात बघ. न्हायतर दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसत्यात."

मी तशीच घरी परतले. माझंही चुकलंच. आक्का रागावल्या असत्या तर रागावल्या असत्या, अण्णांना सांगायला हवं होतं.

गणपतीत तेरडा मनापासून फुलला. भोवतीची शेवंती नुसतीच हिरवी. अण्णा खाटेपाशी येऊन म्हणायचे, "काठ जरा मागं राहिलाय, येतोय." आक्का म्हणायच्या, "व्हय, येतोय की." दसऱ्याच्या आधीच आक्का गेल्या. तेरडाही वाळला, अण्णांनी तो उपटून टाकला.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. मोकळ्या मातीभोवती पिवळीधमक शेवंती फुलली होती.

"रंग जुळीवला पोरी, वेळ न्हाय जुळीवली. सुताचं कसं, दोन रंग घेतलं की दोनी हातात असत्यात. फुलांचं तसं नसतं, हे कुणी सांगितलंच न्हाय मला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला ठाऊक हुतं व्हय गं?"

"नाही अण्णा," मी म्हणाले.

"न्हाय ना. आन् तुला ठाऊक असतं तर तू सांगितलंच असतंस की."

मी मान डोलावली.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णाही गेले. तोवर रोज दुपारी मी त्यांना भाकरी नेऊन देत होते, समोर बसून वाढत होते आणि खरं सांगायचं रोज उद्यावर ढकलत होते.